फाइल कुलपात, व्यवहार मात्र उघड्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोटो आणि कागदपत्रे ऑनलाइन साठवणाऱ्या 'एन्क्रिप्टेड' सेवांबद्दल हल्ली बरेच छापून येते. फाइल आपल्याच मोबाइलवर कूटबद्ध होते, तिची किल्ली आपल्या पासवर्डशी बांधलेली असते आणि कंपनीच्या सर्व्हरवर पोचतो तो कोणालाही न वाचता येणारा मजकूर. प्रोटॉन ड्राइव्ह, ट्रेसोरिट, मेगा या सेवा अशाच चालतात. तंत्राबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण पैसे भरायची वेळ आली की आपल्याकडच्या ग्राहकाच्या, विशेषतः बाईच्या, गोपनीयतेचे काय होते हे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत पुरावा बहुतेक वेळा तिच्या मोबाइलमध्येच असतो: अंगावरच्या वळांचे फोटो, धमक्यांचे रेकॉर्डिंग, सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरचा फोटो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे मजकुरावरून काढलेला तिचा आकडी ठसा, लिहावी लागते. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की लहान होऊन जातो आणि हॅश बदलते. त्यामुळे मूळ फाइल जशीच्या तशी हवी, आणि मोबाइल हिसकावून घेतला, आपटून फोडला, तरी हाती लागेल अशा जागी हवी. एन्क्रिप्टेड साठवण यासाठी उत्तम आहे. मी ती पक्षकारांना आवर्जून सुचवते.

अडचण पुढे आहे. प्रोटॉन ड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी. व्हिडिओ असले की ती बघता बघता भरते. मग पैसे भरायचे, आणि परदेशी सेवेसाठी बहुतेकींसमोर एकच वाट असते, कार्ड. दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची संमती दिली की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येते. तीत पैसे कोणाला जाणार, किती आणि कशासाठी, हे लिहिलेले असते. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे. नकळत पैसे कापणाऱ्या कंपन्यांना त्यानेच चाप बसला. पण ती सूचना कोणाच्या हातात पडते ते पाहा. खाते जोडनावाने, मोबाइल क्रमांक नवऱ्याचा, कार्ड त्याच्या कार्डाला जोडून घेतलेले. ज्याच्यापासून पुरावा लपवायचा, त्यालाच बँक दर महिन्याला आगाऊ कळवते. फाइल उघडता आली नाही तरी ती आहे एवढे त्याला पुरते. 'पासवर्ड सांग' हा पुढचा प्रश्न असतो, आणि तो कोणत्या सुरात विचारला जातो ते मी रोज ऐकते.

परदेशातल्या ग्राहकाला आणखी वाटा आहेत. प्रोटॉन कंपनी पाकिटातून टपालाने पाठवलेली रोख रक्कम आणि बिटकॉइनही स्वीकारते. इथून पाकिटात युरो घालून पाठवणे आपल्या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. बिटकॉइन घ्यायचे तर एक्स्चेंजवर केवायसी आहे, विकताना एक टक्का टीडीएस आहे, शिवाय प्रत्येक व्यवहार सर्वांना दिसणाऱ्या खतावणीत कायमचा राहतो. घरखर्चातून पैसे बाजूला काढणाऱ्या बाईला हा मार्ग सुचवणे मला शक्य नाही.

मजकूर सुरक्षित असला तरी भोवतीच्या नोंदीवरून माणूस सापडतो, हे २०२४ मध्ये दिसले आहे. स्पेनच्या पोलिसांनी स्विस अधिकाऱ्यांमार्फत मागितल्यावर प्रोटॉनने कॅटलोनियातल्या एका कार्यकर्त्याच्या प्रोटॉनवरच्या ईमेल खात्याचा रिकव्हरी ईमेल, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला दुसरा पत्ता, दिला. पत्रांतला मजकूर दिला नाही, तो त्यांना वाचताच येत नव्हता. पण त्या एका पत्त्यावरून तपास पुढे ॲपलपर्यंत गेला. पैसे भरल्याची नोंदही याच जातीची असते, आणि घरच्या घरी ती वाचायला पोलीसही लागत नाहीत.

आज लगेच करण्याजोगे एक आहे. क्रिप्टोमेटर नावाचे खुल्या स्रोताचे सॉफ्टवेअर संगणकावर मोफत मिळते. ते फाइल आणि तिचे नाव दोन्ही आधी कूटबद्ध करते, मग ती गुगल ड्राइव्हच्या १५ जीबी मोफत जागेत ठेवता येते. गुगलला फायलींची संख्या, आकार आणि वेळ कळते, आत काय आहे ते नाही. पैशाचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी घराबाहेरचा, विश्वासाचा संगणक मात्र हवा. पासवर्ड विसरला तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही, म्हणून रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर कुलूप उघडणारी राखीव किल्ली, कागदावर लिहून माहेरी किंवा वकिलाकडे ठेवावी.

पण मोफत जागेवर किती दिवस काढायचे? भारतात ग्राहक मिळवू पाहणाऱ्या या कंपन्यांनी वर्षाचे पैसे एकदाच, आपोआप कापण्याची संमती न घेता, यूपीआयने भरण्याची सोय द्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रीपेड कोड विकावेत. मोबाइल गेमचे कोड सर्रास मिळतात, तसे साठवणीचेही मिळू देत. पैसे भरणारा आणि खाते वापरणारी वेगळे झाले की भाऊ, मैत्रीण किंवा एखादी महिला संघटना कोड घेऊन देऊ शकेल. आणि पैसे भरण्याच्या पानावरच, मराठीसह भारतीय भाषांत, कोणती माहिती किती काळ ठेवली जाते ते लिहावे.

यावर काळ्या पैशाची भीती दाखवली जाईल. वर्षाला काही हजारांच्या साठवणीतून काळा पैसा पांढरा होत नाही. रिझर्व्ह बँक १०,००० रुपयांपर्यंतच्या भेट प्रीपेड कार्डांना आजही परवानगी देते आणि घेणाऱ्याची नोंद कार्ड देणाऱ्या संस्थेकडे राहते. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनीही क्लाउड सेवा देणाऱ्यांवर ग्राहकाचे पडताळलेले नाव-पत्ते पाच वर्षे जपण्याची जबाबदारी टाकली आहे. नोंदच नको असे मी म्हणत नाही. ती स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत पोचू नये, एवढीच मागणी आहे.

बँकांकडेही एक मागणे आहे. आगाऊ सूचना एसएमएसने हवी की ईमेलने, हे निवडण्याचा अधिकार ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानेच दिला आहे. प्रत्यक्षात माझ्या बहुतेक पक्षकारांना असा पर्याय आहे हेच ठाऊक नसते, आणि निरोप नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. कार्ड देताना आणि संमती घेताना हा प्रश्न बँकेने तिला स्पष्टपणे विचारावा, आणि खाते जोडनावाचे असेल तर तिला एकटीला बाजूला घेऊन विचारावा.

आपली,
एक वकील, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)