काका, तुमच्या त्या "हं" साठी थँक्यू

काका, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला विषय.

झालं असं की गाडीच्या बॅटरीखालच्या ट्रेला गंज चढला होता, म्हटलं रविवार आहे, घरीच करून टाकू. बॅटरी काढली, ट्रे काढला, गंज घासला, काळा रंग मारला, शेजारच्या पत्र्यालाही मारला (डबा उरला होता ना), वाळल्यावर सगळं होतं तसं बसवलं आणि चावी फिरवली. टक्. बस, एवढंच. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारला की नुसतं टक्. टर्मिनल परत घासले, परत आवळले, काही नाही. घरात तोवर "सेल्फची मोटर गेली" असा निकालही लागून गेला होता आणि मी नवीन बॅटरीचे भाव बघत बसले होते.

तुम्ही आलात आणि बॉनेटमध्ये डोकावायच्या आधी विचारलंत, "आज कशाकशाला हात लावलास?" मी म्हटलं ट्रेला. रंगाचं बोललेच नाही, रंगात काय सांगायचं! मग तुमचा मीटर निघाला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मला सेल्फ मारायला लावलात. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको म्हणे, मीटर ८ च्या वर! म्हणजे इंजिनकडून बॅटरीकडे परत यायची वाटच अडली होती. तुम्ही नुसतं "हं" केलंत. जम्पर केबलचं एक टोक निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनला, "आता मार", आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू, मी तर ओरडलेच.

हेडलाइटला दहाएक अँपिअर पुरतात आणि ते बॉडीतूनच परत जातात, सेल्फला मात्र शंभरच्या वर लागतात आणि ते इंजिनकडून अर्थिंगच्या जाड पट्टीतून बॉडीत यावे लागतात. ती पट्टी जिथे बॉडीला बसते नेमकी त्याच जागेवर मी रंग मारून वरून बोल्ट आवळला होता. हलवून बघितलं तर घट्ट, पण खाली रंगाचा थर. वर तुम्ही सांगितलंत की असाच सेल्फ मारत राहिले असते तर करंटने गिअरच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढली असती आणि ती जळली असती. मी किती वेळा मारला होता ते तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते, वीसेक वेळा तरी.

पॉलिश पेपरने तुम्ही ती जागा चांदीसारखी चकचकीत केलीत, बोल्ट लावलात, वरून थोडं ग्रीस, आणि हात पुसत निघूनही गेलात. मीटर माझ्याकडेच राहिलाय. परवा आणून देते, त्याआधी बाकीच्या जोडांवर एकदा लावून बघते.