वाळवंट संपतं तिथे समुद्र सुरू होतो : आई-बाबांना पत्र

दोहा, कतार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुमच्या इथे येण्याचा विषय काढला की बाबा 'बघू' म्हणतात आणि आई भातकापणीवर घसरते. म्हणून आज सगळं सविस्तर लिहायला बसले. आमच्या इमारतीतले एक ओळखीचे परवा चिपळूणला निघालेत, त्यांच्याबरोबर हे पत्र देते. दोघांनी नीट वाचा आणि मगच काय ते ठरवा.

तुम्ही नोव्हेंबरात यावं असं मला मनापासून वाटतं. आलात की एक अख्खा दिवस आपण वाळवंटात आणि पाण्यात घालवायचा, हेही मी मनाशी पक्कं केलंय. बाबा, तुमचं म्हणणं माझ्या लक्षात आहे. समुद्र बघायला विमानात कशाला बसायचं, गुहागर तासाभरावर आहे, तारकर्लीला तर आता पॅरासेलिंगपासून सगळं मिळतं. खरंच आहे. पण इथे जे आहे ते कोकणातही नाही आणि राजस्थानातही नाही. दोह्याच्या दक्षिणेला साधारण ७०-८० किलोमीटरवर खोर अल अदैद म्हणून जागा आहे. तिथे समुद्र एका अरुंद वाटेने वाळवंटात शिरतो आणि आत मोठ्या सरोवरासारखा पसरतो. भोवती वाळूच्या टेकड्या, आणि त्या थेट पाण्यात उतरलेल्या. पलीकडच्या काठावर सौदी अरेबिया दिसतो. सगळे या जागेला 'इनलँड सी' म्हणतात. कतारने ती राखीव क्षेत्र केली आहे आणि २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही घातली आहे. तिथवर डांबरी रस्ता जात नाही.

रस्ता नाही म्हणजे जायचं कसं, हे आई आधी विचारणार. सकाळी लँड क्रूझर घरी न्यायला येते. तासाभरात मेसईद हे गाव ओलांडून सीलाइनच्या किनाऱ्यावर पोचतो. तिथे डांबर संपतं. रंगीत झुली घातलेले उंट उभे असतात, चहाची टपरी असते, आणि सगळे ड्रायव्हर खाली उतरून चाकांतली हवा सोडत बसलेले असतात. ३५च्या आसपासचं प्रेशर १५-१८वर आणतात. टायर पसरट झाला की गाडीचं वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि चाक रुतत नाही. परतताना डांबरावर चढण्याआधी पंपाने पुन्हा हवा भरतात. बाबा, तुम्ही गाडीतून उतरून हे जवळून बघा. आमचा नेहमीचा ड्रायव्हर नेपाळी आहे, हिंदी छान बोलतो, आणि कुणी काही विचारलं की त्याला आनंद होतो.

टेकड्यांची गंमत अशी की एक बाजू हळूहळू चढत जाते आणि दुसरी एकदम उभी असते. इथला मुख्य वारा वायव्येचा, त्याला 'शमाल' म्हणतात. तो चढाच्या बाजूने वाळू वर ढकलत नेतो आणि माथ्यावरून पलीकडे सोडतो. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा उभी राहूच शकत नाही, ती घसरते. त्यामुळे अख्खी टेकडीच आग्नेयेकडे सरकत राहते, आणि लहान टेकडी मोठीपेक्षा भराभर. हिमयुगात या इराणच्या आखाताचा तळ कोरडा होता तेव्हा वारा तिकडून वाळू आणत असे. आता तिथे समुद्र आहे, मागून नवी वाळू येत नाही, आणि असलेली टेकडी-टेकडीने खोर अल अदैदच्या पाण्यात चालली आहे. मी पाण्याच्या काठाला उभी राहून माथ्यावरून वाळूची बारीक धार खाली येताना पाहिली आहे. वारा वाढला की अख्खा उतार हलल्यासारखा दिसतो. ते तुम्हा दोघांना दाखवायचंय.

आता काळजीचं. या उभ्या उतारांवरून गाडी वर-खाली, आडवी-तिडवी पळवतात, त्याला 'ड्यून बॅशिंग' म्हणतात. पर्यटकांना तेच हवं असतं. बाबा, ते तुमच्यासाठी नाही. कंबरेच्या मणक्यांचं, एल-फोर एल-फाइव्हचं दुखणं असलेल्या माणसाने तिथे बसूच नये. मानेचं ऑपरेशन झालेले, हृदयाचे रुग्ण आणि गरोदर बायका यांनाही चांगले सहलवाले आधीच नाही म्हणतात. सगळेच म्हणतात असं मात्र नाही. माझ्या ऑफिसमधल्या एकीच्या सासूबाई अशाच एका सहलीला गेल्या होत्या. 'भैया, धीरे' असं सगळे ओरडत होते आणि ड्रायव्हरला वाटलं, मजा येतेय म्हणून ओरडतायत. एका माथ्यावरून गाडी आदळली आणि त्यांच्या पाठीला असा हिसका बसला की पुढचे कित्येक दिवस त्या अंथरुणाला खिळून होत्या. तेव्हापासून मी एक नियम केलाय. बुकिंग करतानाच सांगायचं की गाडीत वयस्कर माणसं आहेत, सावकाश न्यायचं. गाडी फक्त आपली हवी, अनोळखी तरुणांबरोबर वाटून घेतलेली नको, कारण त्यांना वेग हवा असतो आणि त्यांचंही चुकत नाही. आणि थांबायचं असेल तर कोणती खूण करायची, ते निघण्याआधी ड्रायव्हरशी ठरवून ठेवायचं. मोठ्या उतारांना वळसा घालून, सपाटीसपाटीने पाण्यापर्यंत नेणारे ड्रायव्हर आहेत. आपला त्यातला आहे. थोडे धक्के बसतील, पण आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांहून जास्त नाहीत. तरी कंबरेचा पट्टा लावा, आणि निघण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून या. ते नको म्हणाले तर आपण सीलाइनलाच थांबू. समुद्र तिथेही आहे.

आई, तुला कुंभार्ली घाटात गाडी लागते ते लक्षात आहे. पुढची सीट तुझी. निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यायची आणि पोट अगदी रिकामं ठेवायचं नाही, घरून पोहे खाऊनच निघू.

दिवसाचा बेत मी असा केलाय. सकाळी ऊन कोवळं असताना वाळवंट, उन्हं कलली की पाणी. बरेच जण उलटं करतात आणि ओल्या अंगाला वाळू चिकटवून घरी येतात. दुपारी पाण्याकाठच्या तंबूत जेवण. मांसाहारी खाणाऱ्यांसाठी शेगडीवर भाजलेलं असतं. तुमच्यासाठी काबुली चण्याची चटणी म्हणजे हमस, त्याच चण्याचे वडे म्हणजे फलाफल, कोशिंबिरीसारखं तबूले आणि गरम खुबूस, म्हणजे इथली रोटी. तरी मी दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर घेणारच आहे. आई, तारीख ठरवताना तुझी एकादशी टाळू, नाहीतर तू दिवसभर नुसत्या खजुरावर काढशील. शुक्रवार-शनिवार इथे सुट्टी, तेव्हा फार गर्दी असते आणि वाळूत चार चाकांच्या मोटारसायकली सुसाट पळतात. म्हणून मी मधल्या वारी रजा काढीन.

आणि आता खरं बोलायचंय ते आईशी.

आई, लहानपणापासून आपण जेव्हा जेव्हा गुहागरला गेलो, गणपतीपुळ्याला गेलो, तेव्हा तू सुरूच्या सावलीत बसलेली असायचीस. आमच्या चपला, बाबांचं घड्याळ, सगळ्यांचे टॉवेल, भेळेची पिशवी, सगळं तुझ्याजवळ. आम्ही पाण्यातून हाका मारायचो आणि तू हात हलवायचीस. निघायच्या वेळी नुसते पाय बुडवून यायचीस, तेही साडी घोट्यापर्यंतच वर धरून. समुद्राजवळ जन्म गेला तुझा, पण तू कधी पाण्यात शिरली नाहीस. या वेळी चपला मी सांभाळीन. तू कयाकमध्ये बसायचंस.

कयाक म्हणजे दोन माणसांची निमुळती होडी. वरून उघडी असते, त्यामुळे आत अडकायची भीती नाही. पुढे तू, मागे शिकवणारी मुलगी किंवा मी. दिशा मागचा सांभाळतो, पुढच्याने जमेल तेवढं वल्हं मारायचं, दमलं की मांडीवर ठेवून द्यायचं. लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं, आणि त्याचे पट्टे मी स्वतः ओढून बघणार आहे. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि मग त्याचा उपयोग नाही. आपण काठाकाठानेच जायचं, जिथे पाणी कमरेएवढं असतं. समुद्र आत येतो त्या अरुंद वाटेकडे भरती-ओहोटीची ओढ असते, तिकडे कुणालाही नेत नाहीत आणि आपण जायचंही नाही. इथलं पाणीही जास्त खारट. आपल्या समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आखातात ४०च्या वर जातं, आणि आतल्या या उथळ पाण्यात ऊन फार म्हणून आणखी जास्त. त्याने अंग थोडं हलकं तरंगतं, पण डोळ्यांत गेलं तर चांगलं झोंबतं. गोड्या पाण्याच्या बाटल्या जास्त घेऊ.

मागच्या हिवाळ्यात तिथे केरळच्या एक आजी आल्या होत्या, तुझ्याहून मोठ्याच असतील. मुलगा म्हणत होता, अम्मा राहू दे. त्यांनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला, गुडघ्यावर एक हात टेकवला, दुसरा हात शिकवणाऱ्या मुलीने धरला, आणि त्या आधी होडीच्या काठावर बसल्या, मग एकेक पाय आत घेतला. बसायची रीत तीच, उभ्याने पाय टाकायचा नाही, नाहीतर होडी कलंडते. तुझ्या गुडघ्यालाही ते जमेल. मी अगदी तुझ्याच डोळ्यांनी बघत होते सगळं.

साडीचं म्हणशील तर मी तुझ्यासाठी लांब बाह्यांचा, पटकन वाळणारा कुर्ता आणि तुमान आणून ठेवलीय. लोक काय म्हणतील ही भीती इथे अजिबात नको. अबाया, म्हणजे अंगभर पायघोळ झगा घातलेल्या बायका मुलाबाळांना घेऊन तशाच पाण्यात बसलेल्या असतात, तुझ्याकडे कुणी वळूनही बघणार नाही.

जेटस्की आणि बनाना राइड मात्र आपल्या यादीत नाही. बनाना राइडवाले मुद्दाम वळण घेऊन माणसं पाण्यात पाडतात, आणि जेटस्कीवर लाटेचा प्रत्येक दणका सरळ कंबरेत जातो. ते नातवंडं करतील, तुम्ही काठावरून बघा. बाबा, तुमच्यासाठी पाण्यात नुसतं पाय सोडून बसणंही पुष्कळ आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. सकाळी लवकर पोचलो तर उथळ पाण्यात रांगेने उभे दिसतात. तुमची दुर्बीण आणाच.

आणखी एक, फक्त बाबांसाठी. ज्या समुद्रात आई वल्हं मारणार, तो मोत्यांचा समुद्र. तेल सापडायच्या आधी इथली माणसं उन्हाळाभर बुड्या मारून शिंपले काढत आणि ते मोती मुंबईच्या बाजारात जात. जपानी लोक शेतीसारखे मोती पिकवू लागले आणि १९३०च्या सुमारास हा धंदा बसला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मदिनेला अर्पण करण्यासाठी १८६५च्या सुमारास याच आखातातल्या सुमारे १५ लाख मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता. तो आज दोह्याच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, दुसऱ्या दिवशी तिकडे जाऊ. आणि तुम्ही जन्मभर बँकेत नोटा मोजल्यात म्हणून सांगते, १९६६पर्यंत इथे रुपयाच चालायचा. १९५९पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या होत्या, त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' अक्षर असायचं. १९६६च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि मग इथल्यांनी रुपया सोडला.

खर्चाचं विचारू नका. ती माझी बाजू. मला इथे येऊन इतकी वर्षं झाली, आणि जे जे बघते ते तुम्हाला दाखवायचं राहून जातं याची मला खूप रुखरुख लागते. आज आईचे गुडघे चालतायत, बाबांना पट्टा लावून बसता येतंय, म्हणून याच नोव्हेंबरचं म्हणते. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडतं आणि मेनंतर इथे दुपारी ४५ अंशांपर्यंत तापतं. नोव्हेंबरात हवा छान असते आणि पाणी अजून कोमट.

तर आता एवढं करा. बाबांचा मागचा एमआरआय रिपोर्ट दादाला मोबाइलवर पाठवायला सांगा, इथल्या डॉक्टरांनाही दाखवते. आईच्या पायाचं माप कळवा, पाण्यात घालायचे रबरी बूट घ्यायचेत, खडकाळ भागात अनवाणी चालवत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, ते बघा. कापणी संपली की लगेचची तारीख सांगा, मुंबईहून साडेतीन-चार तासांचंच विमान आहे, मी तिकिटं काढते. येताना आमसुलं आणि थोडं कुळथाचं पीठ आणा, बाकी सामान भरू नका.

काकूंना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुमची,
शुभा