नागा शालीची शिवण बघून मगच खरेदी करा: केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वस्त्रोद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

शाल-श्रीफळ देऊन मान करण्याची रीत आम्हा मराठी माणसांच्या अंगवळणी पडलेली आहे. सरकारी समारंभांत आता नागा शालीही पांघरल्या जातात, याचा आनंदच आहे. पण त्या नावाने बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ शाली यंत्रमागावर निघालेल्या अ‍ॅक्रिलिकच्या नकला असतात, आणि इथे नक्कल फक्त कापडाची होत नाही.

नागालँडमधल्या आओ नागा जमातीची त्सुंगकोतेप्सू ही शालच पाहा. लाल-काळ्या पट्ट्यांच्या मधोमध एक पांढरा पट्टा. त्यावर काळ्या रंगात मिथुन (गव्याच्या कुळातले जनावर), हत्ती, वाघ, कोंबडा, भाला, दाव (नागांचा रुंद पात्याचा कोयता) आणि माणसाची मुंडकी. शाल विणते बाई, पण हा पट्टा रंगवतो पुरुष. जुन्या रीतीत झाडाचा चीक, तांदळाची दारू आणि पानांची राख एकत्र करून तो रंग होई. युद्धात शत्रूचे मुंडके आणलेला किंवा मिथुन बळी देऊन गावजेवण घातलेला, अशाच माणसाला ती शाल अंगावर घेता येई. अंगावरची शाल पाहून गावाला त्या माणसाची कर्तबगारी कळे. मुंडकी आणण्याची प्रथा कधीच संपली, तरी ही शाल पुरुषाची आणि मानाची राहिली. तिचा पट्टा चपलांवर किंवा टेबलाच्या कापडावर छापलेला पाहून आओ माणूस दुखावतो, यात नवल नाही.

खरी शाल ओळखणे अवघड नाही. ती कंबरमागावर होते. ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) एक टोक भिंतीला किंवा खांबाला बांधलेले, दुसरे विणकरणीच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे झुकली की सैल. या मागाला फणी (उभे धागे अंतराने ठेवणारी चौकट) नसते, म्हणून ताण्याचे धागे दाट बसतात आणि बाणा (आडवा धागा) त्यांच्याखाली जवळजवळ लपतो. बाणा लाकडी फळीने ठोकायचा, नक्षीचे धागे हाताने उचलून भरायचे; त्यासाठी साळिंदराचा काटाही वापरतात. कापडाची रुंदी बाईच्या हाताच्या आवाक्याएवढीच, म्हणून शाल सहसा तीन पट्ट्या विणून जोडतात. खरी कसोटी तिथेच लागते. तीन पट्ट्यांवर रेलण्याचा जोर सारखा राहिला नाही, तर एक पट्टी दोन बोटे लांब भरते आणि आडवी नक्षी शिवणीपाशी हुकते. यंत्रमागाची शाल अखंड रुंदीची निघते. तिला शिवण नसते, असलीच तर दिखाऊ, आणि मधला पट्टा छापील.

सूत हेही मोठे दुखणे आहे. फणीविना इतका दाट ताणा धाग्याला धागा घासतच उघडतो-मिटतो. एकपदरी, सैल पिळाचे सूत तिथे पिंजून तुटते. दुपदरी, घट्ट पिळाचे सुती धागे रंगवलेल्या लडींत गावापर्यंत मिळाले नाहीत, की बाई नाइलाजाने अ‍ॅक्रिलिक घेते, आणि मग नकलेशी किमतीत तिचा टिकाव लागत नाही.

1985 च्या हातमाग आरक्षण कायद्यात 11 प्रकार फक्त हातमागासाठी राखीव आहेत, त्यांत शाल आहे. अ‍ॅक्रिलिकची नक्कल त्या व्याख्येत येते की नाही, हे आपल्या मंत्रालयाने स्पष्ट लिहून द्यावे. नागालँडच्या फेक जिल्ह्यातल्या चाखेसांग जमातीच्या शालीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण मानांकन नावाचे रक्षण करते. तीच नक्षी ‘ट्रायबल शाल’ म्हणून विकणारा त्यातून सुटतो. आमची पैठणीही हे भोगते आहे.

म्हणून सुरुवात सरकारी खरेदीपासून करा. निविदेत ‘कंबरमाग, हाताने जोडलेल्या पट्ट्या, हँडलूम मार्क (हातमागाच्या कापडाची सरकारी खूण)’ असे शब्द घाला. चिठ्ठीवर ‘नागा शाल’ एवढेच नको. जमातीचे आणि शालीचे नाव हवे. शालीचा भाव पट्टी आणि नक्षी पाहून ठरवा, कारण साध्या पट्टीला आणि भरलेल्या पट्टीला लागणारे दिवस सारखे नसतात. कोणती शाल बाहेरच्याला द्यावी आणि कोणती देऊ नये, याची यादी त्या त्या जमातीच्या संस्थांकडून लेखी घ्या. ती हातात येईपर्यंत त्सुंगकोतेप्सूसारख्या मानाच्या शाली सत्काराच्या खरेदीतून वगळा.

आपले,
हातमागाच्या कामातले काही मराठी विणकर आणि अभ्यासक