सूचना : पहिली फुल मॅरेथॉन, मनाची तयारी

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी लाँग रन झाल्यावर स्ट्रेचिंगच्या जागीच अर्धा तास थांबायचं आहे. पहिल्यांदा ४२.१९५ किमी धावणाऱ्या सगळ्यांनी यावं. आधी फुल केलेल्यांनीही जरूर थांबा, नवख्यांना आधार वाटतो.

कागदावर लिहून आणा :

• तीन लक्ष्यं : सगळं जुळून आलं तर, साधारण दिवस असेल तर, आणि उन्हाने किंवा पोटाने दगा दिला तर. एकच वेळ डोक्यात धरली की ती हुकताच मन हार मानतं.
• ३० किमीनंतर स्वतःला म्हणायचं एक छोटं वाक्य.

३०-३२ किमीच्या आसपास स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेलं इंधन) संपत येतं, पाय जड होतात आणि 'आता थांबावं' वाटू लागतं. असं होणार हे धरूनच चाला. तेव्हा उरलेले किलोमीटर मोजू नका. खांदे सैल सोडा आणि फक्त पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंत धावा. घात मात्र बहुतेकांचा पहिल्या ५ किमीतच होतो, गर्दीच्या भरात वेग वाढतो म्हणून.

टेपरमध्ये, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करण्याच्या काळात, धावणं कमी झालं की धास्ती वाटते. तेवढ्यासाठी जादा धावू नका. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी चालेल, त्याआधीच्या दोन-तीन रात्री भरपूर झोपा.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवावं.