ती नेमकी कुणाची?

सेलू, जि. परभणी

प्रिय रम्या,

परवा फोनवर तू तावातावानं बोललास आणि तुझी मीटिंग लागली, माझं तसंच राहिलं. म्हणून हा कागद. तुझं म्हणणं असं, की आमच्याकडं आडनाव विचारल्याबिगर मत पडत नाही, आणि तुमच्या अमेरिकेत माणूस बघतात. पहिलं कबूल. दुसरं नाही गड्या.

२०२४ ला तिकडं अध्यक्षपदाला उभी राहिलेल्या कमला हॅरिसचंच घे. आई तामिळनाडूकडची, बाप जमैकाचा. १९६४ चा कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमधला जन्म, शिक्षण हॉवर्डला. हार्वर्ड नव्हे, कृष्णवर्णीयांचं नावाजलेलं हॉवर्ड. एवढं उघड असून २०२४ च्या जुलैत तिचे विरोधक ट्रम्प शिकागोला कृष्णवर्णीय पत्रकारांच्याच संमेलनात म्हणाले, की ही आधी भारतीय होती, आता एकाएकी काळी झाली. अरे, हा तर आमच्या पारावरचा प्रश्न! आणि इकडं तुळसेंद्रपुरम या तिच्या आजोळच्या गावी तिच्यासाठी देवळात पूजा चालू. ज्यांचं एक मत तिला पडणार नव्हतं ते तिला आपली म्हणत होते.

ओबामांची आई कॅन्ससची गोरी, बाप केनियाचा. वाढवलं बरंचसं आईच्या आईबापांनी. तरी २०१० च्या जनगणनेत, जास्त रकाने निवडायची मुभा असताना, त्यांनी खूण केली ती एकाच, कृष्णवर्णीयांच्या रकान्यात. काहींनी नावं ठेवली. मला त्यात वावगं दिसत नाही. व्हर्जिनियात १९२४ पासून कायदाच होता, की दुसऱ्या रक्ताचा मागमूस असला तर माणूस गोरा नाही. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवरची बंदी तिकडच्या सुप्रीम कोर्टानं मोडली ती थेट १९६७ ला. सरकारनं पिढ्यान् पिढ्या ज्या रकान्यात कोंबलं, तोच त्यांनी धरला.

आपल्याकडं सगळा हिशोब बापावरून. घटनेतली अँग्लो-इंडियनची, म्हणजे युरोपीय-भारतीय मिश्र वंशाच्या लोकांची, व्याख्यासुद्धा पुरुषवंशानं चालते. लोकसभेत त्यांचे दोन खासदार नेमले जायचे, ते २०२० पासून बंद. जातीच्या बाबतीत २०१२ ला सुप्रीम कोर्टानं थोडं दार उघडलं: आंतरजातीय लग्नातलं लेकरू बापाच्या जातीचं धरतील, पण आईच्या समाजात वाढलं, तेच भोगलं, हे सिद्ध करता येईल. पण कोर्टाचं वेगळं, गल्लीचं वेगळं.

नगरपालिकेला आमच्या वॉर्डात एक बाई उभी होती. आईबाप दोन जातींचे (जाती लिहीत नाही, तू ओळखशीलच). जागा राखीव, म्हणून जात पडताळणी समितीच्या व्हॅलिडिटीसाठी आजोबांचा शाळेतला उतारा काढला, तर तो निजामाच्या काळातला, उर्दूत! वाचायला म्हातारे मौलवीसाहेब गाठावे लागले. पुढं प्रचार. तिच्याच कार्यकर्त्याकडची मतदारयादी मी बघितली. प्रत्येक आडनावापुढं पेनाची खूण: निळी म्हणजे आपलं, लाल म्हणजे गेलं. आईकडच्या घरांवर त्यानं आधी निळं मारलं होतं, मग त्यावरच लाल गिरवलं. म्हटलं, हे काय रे? म्हणाला, "काका, ते म्हणतात बाप बघा. आणि बापाकडचे म्हणतात आई बघा."

म्हणजे कुणाची कोणती बाजू मोजायची हे विचारणाराच ठरवतो, आणि ठरवतो ते नाकारायला सोपी पडेल अशी. शिकागोत काय, सेलूत काय. फरक असलाच तर तुमच्याकडं खूण स्वतःच्या हातानं करता येते, आमच्याकडं समितीच्या.

पण मतदाराला मी सरसकट मूर्ख म्हणणार नाही. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलं की बायकांना एकच कळतं, रात्री दार कुणाचं वाजवायचं. आडनाव हा त्याचा अंदाज असतो, बऱ्याचदा चुकीचा. कोपऱ्यावरच्या शांताकाकू म्हणाल्या, "तिची माय माझ्या बाळंतपणाला आली होती, मला जात नका सांगू." काकूंच्या घरची मतं पडली. बाई मात्र थोडक्यात पडली.

आमच्याकडं २०२७ च्या जनगणनेत जात लिहून घेणार आहेत. त्या बाईचा पोरगा आणखी तिसऱ्या जातीतल्या पोरीशी लग्न करून बसलाय, त्यामुळं त्यांच्या घरी आत्तापासूनच भांडण. तुझ्या पोरीचं मात्र मला खरंच विचारायचंय. तिची आई तिकडची कृष्णवर्णीय, बाप परभणीचा. शाळेच्या फॉर्मवर काय भरलंत? वहिनी काय म्हणाल्या, पोरगी काय म्हणाली, सगळं सविस्तर लिही. फोन नको, तू मधेच ठेवतोस.

तुझा,
बाळ्या