तालमीऐवजी विहीर का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत तरुण वाचकांना त्यांच्या आवडत्या कादंबऱ्यांवर बोलायला आपण अख्खं पान दिलंत. त्याबद्दल आभार आधीच मानून टाकतो, पुढे जागा मिळेलसं वाटत नाही.

पानाच्या डाव्या कोपऱ्यात आटपाडीच्या अकरावीतल्या एका मुलीचा फोटो आहे. फोटो झकास आलाय. ती माझी पुतणी. फोटोखाली तिच्या नावावर जे दीड वाक्य खपवलंय, ते मात्र तिचं नाही. ‘बनगरवाडी’ ग्रामीण जीवनाचं दर्शन घडवते आणि संकटांशी लढण्याची प्रेरणा देते म्हणे! असली वाक्यं गाइडात असतात, आमच्या पोरीच्या तोंडात नाहीत. आणि ज्या कादंबरीच्या शेवटी दुष्काळामुळे सगळी वाडी मेंढरं घेऊन उठून जाते, मास्तरही चालू लागतो, तिच्यातून लढण्याची प्रेरणा नेमकी कुठल्या पानावर मिळते, ते आपल्या उपसंपादकांनी कळवावं. आमच्याकडे प्रत आहे, उघडून बघू.

तिने वहीची दोन पानं भरून लिहून पाठवलं होतं. त्यात तिचा एकच प्रश्न होता. मास्तर एवढी खटपट करून वाडीत कुस्तीची तालीम बांधतो. गरिबाघरची माणसं अंगमेहनत करतात, दगड-माती वाहतात, खुद्द राजेसाहेब येऊन जातात. आणि मग पाऊस दगा देतो, सगळं उठतं. तर मास्तरने तालमीऐवजी विहीर का नाही खणून घेतली? एवढे हात राबायला तयार होते, तर ते आधी पाण्यासाठी का नाही राबवले? पुढे तिने लिहिलं होतं की मास्तर मला आवडतो, पण त्याचा रागही येतो. तो भला आहे, पण वाडीला काय हवं हे त्याने वाडीला विचारलं नाही, स्वतःच ठरवलं.

हे तिने पाठवण्याआधी घरात वाचून दाखवलं. माझी आई 72 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गेलेली बाई. तिने आयुष्यात कादंबरी वाचलेली नाही. ती चुलीपुढनं म्हणाली, “बरोबर हाय की पोरीचं. आदी पाणी बगायचं, मग कुस्त्या.” माझा भाऊ मास्तराच्या बाजूने. त्याचं म्हणणं, तालमीच्या निमित्ताने एरवी आपापल्या मेंढरांमागे पांगलेली माणसं एका कामाला जुंपली गेली, हे काय थोडं झालं? मी पुतणीला म्हणालो, अगं, आपला हा सगळा मुलूख तेव्हा औंध संस्थानात. बाळासाहेब पंतप्रतिनिधींना सूर्यनमस्काराचं केवढं वेड. त्या राज्यातल्या तरुण मास्तराच्या डोक्यात तालीमच येणार. त्यावर ती म्हणाली, मग तर राजांनाही विचारायला हवं होतं. जेवणं गार झाली, पण वाद मिटला नाही. टेंभू उपसा योजनेचं पाणी आमच्या तालुक्यात आता आता पोचलं. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून वर आणायला किती वर्षं आणि किती मोर्चे लागले, ते इथल्या माणसाला सांगायला नको. डाळिंबाच्या बागा बघत शाळेत जाणाऱ्या पोरीला 1955 साली आलेली कादंबरी वाचताना विहीर आठवते, यापेक्षा चांगलं वाचन कुठलं असतं, ते आम्हाला तरी ठाऊक नाही. ती लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आमच्याच मुलखातले. ते असते तर या प्रश्नावर हसले असते, चिडले खासच नसते.

आपल्या कार्यालयातून तिला फोन आला होता. “छान लिहिलंय, पण या कादंबरीतून तू काय शिकलीस ते एका ओळीत सांग ना.” पोरगी गडबडली. म्हणाली, काही शिकले नाही, प्रश्न पडला. पलीकडून “ठीक आहे, आम्ही बघतो” असं आलं. मग आपण बघितलंत.

बाकीच्यांचीही तीच हजामत झालेली दिसते. ‘शाळा’वर लिहिणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘शालेय वयातील निरागस प्रेम’. संपलं. नववीतल्या मुकुंदाच्या डोक्यावरून आणीबाणी चाललीय, तिच्याबद्दल त्या मुलाने काहीच लिहिलं नसेल? असेल, पण आपल्याकडे जागा नसेल. जागा कुठून असणार? तिथे मिलिंद बोकिलांच्या कादंबरीच्या मुखपृष्ठाऐवजी सिनेमातला भलामोठा फोटो घातलाय. कादंबरी 2004 ची, सिनेमा त्यानंतर कैक वर्षांनी आलेला. पान कादंबऱ्यांचं होतं ना?

‘कोसला’वाल्या मुलाचं मात्र एक वाक्य नजरचुकीने शाबूत राहिलंय: “सुरुवातीला कंटाळा आला, मग हसू यायला लागलं, आणि मनी (नायकाची धाकटी बहीण) गेल्यानंतर दोन दिवस पुस्तक हातात घेतलं नाही.” वा! नेमाड्यांनी ती कादंबरी लिहिली तेव्हा ते स्वतः पंचविशीतले, म्हणजे या मुलापेक्षा फार थोरले नव्हेत. त्याला पुढे बोलू दिलं असतंत तर काहीतरी हाती लागलं असतं. पण पुढच्याच वाक्यात कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर हा ‘आजच्या तरुणाईचा प्रतिनिधी’ होऊन बसलाय. हे त्या मुलाचं नव्हे, यावर मी पैज लावतो.

आणि या सगळ्यावर मानाची चौकट कुणाला, तर एका ज्येष्ठ अभ्यासकांना. त्यांचं निदान असं की आजची मुलं वरवरचं वाचतात, त्यांच्या प्रतिक्रियांत चिकित्सा नसते. अहो साहेब, चिकित्सा आपल्या कार्यालयाच्या केराच्या टोपलीत पडलीय, तिथे जाऊन वाचा. आधी पोरांची जीभ छाटायची आणि मग ती बोलत नाहीत म्हणून अग्रलेखाच्या सुरात हळहळायचं, हा न्याय भारी आहे. दर 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो येतात, त्यातही मुलं पुस्तकं छातीशी धरून उभी असतात. वाचताना दिसत नाहीत, बोलताना तर नाहीतच.

पुतणीला मी समजावलं, छापून आलं हे काय कमी? ती म्हणाली, ते माझं नाहीच, कात्रण कशाला ठेवू? वर्गातल्या पोरी आता तिला ‘प्रेरणा’ म्हणून हाक मारतात.

तिची ती दोन पानं या पत्राला जोडली आहेत. पुढच्या रविवारी ती जशीच्या तशी छापावीत. शुद्धलेखन खुशाल सुधारा, त्याला तिची हरकत नाही. जागा नसेल तर फोटो काढून टाका.

कळावे,
आपला जुना वर्गणीदार,
आटपाडी (जि. सांगली)

ता. क. : शब्दकोड्याचं उत्तर सलग दुसऱ्या रविवारी गायब आहे. शिवाय उभा सात आणि आडवा अकरा एकमेकांत बसतच नाहीत. खोडरबराने कागद फाटला.