अण्णांचं टपावरचं अंथरूण आणि तुमचं कलम ५२

मा. परिवहन मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायचं कारण शनिवारचं आहे. संध्याकाळी साडेचारला घाटाच्या तोंडाशी आरटीओच्या वायुवेग पथकाने, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या पथकाने, माझी गाडी बाजूला घ्यायला लावली. गाडी म्हणजे फोर्सची फाइव्ह-डोअर गुरखा जीप, २०२४ची, मागच्या सीट काढून आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेली आणि वरचा पत्रा कापून तिथे उघडबंद होणारं फायबरचं छत बसवलेलं, पॉप-टॉप म्हणतात ते. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं होतं, शिवाय आरटीओचा इनवर्डचा शिक्का मारलेला माझा अर्ज. साहेबांनी तो अर्ज शांतपणे वाचला आणि म्हणाले, "म्हणजे छत कापलंय हे तुम्ही स्वतःच लिहून दिलंय की!"

हो, दिलंय. तिथेच चुकलं.

आता हे छत कशासाठी ते ऐका, कारण यात तुमच्या खात्याचाही संबंध आहे. आमचे अण्णा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी न्यायचे, रात्री नऊला गावात, सकाळी सहाला परत. मुक्कामाला खोली वगैरे काही नसायची. उन्हाळ्यात अण्णा आणि कंडक्टर मागच्या शिडीने टपावर चढून वळकटी पसरायचे, पावसाळ्यात आत सीटवर पाय दुमडून. आता ७६ वर्षांचे आहेत, साखर आहे, इन्सुलिन चालू आहे, आणि डोक्यात एकच, मुक्कामाची ती गावं एकदा परत बघायची आणि टपावर झोपायचं. एसटीची शिडी आता जमणार नाही, म्हणून आतूनच चढायची सोय केली, पहिला पाय ड्रॉवरवर, दुसरा फ्रीजच्या पेटीवर, की वर. पहिल्यांदा वर गेले तेव्हा कॅनव्हासची खिडकी उघडून अर्धा तास नुसते बाहेर बघत बसले होते.

काम काही रस्त्याकडेच्या गॅरेजात ग्राइंडर फिरवून केलेलं नाही. छत रत्नागिरीकडच्या एका मिस्त्रीने केलंय, तो एरवी होड्यांना फायबर मारतो, समुद्राचं पाणी जो आत येऊ देत नाही तो पावसाचं काय येऊ देणार, असा माझा हिशोब होता. पत्रा कापायच्या आधी चौकोनी पाइपची फ्रेम करून पिलरना बोल्टने आवळून घेतली. पुढे बिजागरी, मागे दोन गॅस स्ट्रट, चारी बाजूंनी कॅनव्हास. आत १२ एमएमचं मरीन प्लाय, ४० लिटरचा फ्रीज, त्याला १०० एएचची वेगळी लिथियम बॅटरी, २० लिटरचा पाण्याचा कॅन. झाल्यावर गाडी वजनकाट्यावर नेली, पाण्यासकट वजन कंपनीच्या मर्यादेच्या आत आहे, पावती जपून ठेवलीये.

आणि हे सगळं विचारून केलंय हो! आरटीओतल्या साहेबांनी ड्रॉइंग बघून सांगितलं होतं, चांगलं काम करून आणा, बघून नोंद करून देतो. तोंडी. काम होईपर्यंत साहेबांची बदली. नवे साहेब म्हणाले आधीचे काय बोलले ते मला माहीत नाही, टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट आणा. एजन्सीवाले म्हणाले आम्ही कंपन्यांची मॉडेलं तपासतो, तुमच्या एका गाडीचं काय करू, आणि तपासायचीच असेल तर आरटीओचं पत्र आणा. पाच खेपा झाल्या, दर खेपेला अर्धी रजा.

शनिवारी तासभर गाडी उभी करून ठेवली. छत उघडा म्हणाले, उघडलं. पथकातल्या एकाने कॅनव्हासची खिडकी ओढली ती झिपसकट हातात आली. दुसऱ्याने "ही वायर कसली" म्हणून बॅटरीची वायर हलवली. मग साहेबांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १८२-अ सांगितलं, प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही, आणि बोटांवर मोजायला लागले, छत एक, सीट दोन, बॅटरी तीन. अण्णा पुढच्या सीटवर बसून होते, ३१ वर्षांत एक अपघात नाही त्या माणसाचा, आणि पथकातलं पोरगं त्यांना विचारतंय, "बाबा, तुमचं लायसन आहे का?" मेमो घेऊन पुढे निघालो तर रात्री मृगाचा पाऊस. फाटक्या खिडकीतून गादी, उशा, सगळं ओलं. अकरा वाजता फ्रीज उघडला तर तो बंद, आत अण्णांची महिनाभराची इन्सुलिनची पेनं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं तेवढ्याने बिघडत नाही, पण ती रात्र आम्ही कशी काढली ते आम्हाला माहीत. अण्णा शेवटी पुढच्या सीटवर पाय दुमडून झोपले. एसटीत झोपायचे तसेच.

त्याच कायद्याचं कलम ५२, गाडीत बदल करण्याबद्दलचं, आता मला पाठ झालंय. ९ जानेवारी २०१९ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरचा तपशील बदलेल असा बदल चालणार नाही. मान्य. छत कापलं की मजबुती जाऊ शकते, गाडी उलटली तर माणसं मरू शकतात, कळतं मला, म्हणूनच तर तपासा म्हणतोय! त्याच वर्षी संसदेने कलम दुरुस्त केलं, बदलांच्या मंजुरीच्या अटी केंद्र ठरवू शकतं असं त्यात लिहिलं. ठरवू शकतं. सीएनजी किटला मंजुरीची वाट आहे, डिकीत गॅसची टाकी चालते, छतावर गादी चालत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ नावाचं अख्खं स्टँडर्ड आहे, गाड्यांच्या नोंदणीच्या 'वाहन' पोर्टलच्या यादीत मोटर कॅराव्हॅन हा प्रकार आहे, याच राज्याने २०२१ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, या म्हणाले, फिरा म्हणाले. आलो, फिरलो, मेमो मिळाला.

बरं, छत कापलेली गाडी तुम्ही कधी बघितलीच नाही का साहेब? निवडणुकीत रथ निघतात, त्याला वर भोक असतं, आतून हायड्रॉलिक लिफ्टने नेते वर येतात आणि हात हलवतात. त्या भोकाची नोंद कुठल्या आरसीवर आहे? तिथे वायुवेग पथक असतं, नाही असं नाही, पण पुढे सायरन वाजवत. ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे रिफ्लेक्टर नसताना रात्री हायवेवर चालतात, वडापच्या जीपला माणसं लोंबकळतात, मिरवणुकीत ट्रकवर डीजेची भिंत उभी राहते, कुणी बोटं मोजत नाही. कारण त्यातल्या कुणीच अर्ज केलेला नाही! ही गाडी घेतली तेव्हा तिच्यावर जीएसटी-सेस ५० टक्के होता, वर रोड टॅक्स १४ टक्के, म्हणजे १८ लाखांच्या गाडीत साडेआठ लाखांच्या घरात सरकारचेच गेले, चार-दोन हजार इकडेतिकडे असतील. एवढे घेतल्यावर एका इन्स्पेक्टरने अर्धा तास गाडीखाली वाकून फ्रेम बघायला काय हरकत आहे? पण बघणं म्हणजे सही, सही म्हणजे जबाबदारी, आणि सही न करता पगार मिळतोच. अण्णांचे पीएफचे पैसे मिळायलाही असंच झालं होतं, टेबल वेगळं, उत्तर तेच, आधी पलीकडचं पत्र आणा.

मागणी तशी छोटीच आहे. एकेकट्या मालकाची गाडी तपासून नोंद कशी करायची ते एका पानावर लिहून प्रत्येक आरटीओत लावा, फी घ्या, कडक तपासा, काम कच्चं असेल तर खुशाल नापास करा. केंद्राचा विषय असेल तर केंद्राला पत्र लिहा, माझ्यापेक्षा तुमचं पत्र लवकर पोचेल. मेमोचे पैसे मी भरणार नाही, कोर्टात उभा राहीन, वजनकाट्याची पावती घेऊन.

आपला,
एका रिटायर्ड एसटी ड्रायव्हरचा मुलगा

ता.क. कॅनव्हास अंगणात वाळत घातलाय, ओला दुमडला की बुरशी धरते. झिप १० नंबरची लागते, इथे बाजारात मिळाली नाही, तात्पुरती ५ नंबरची शिवलीये, मध्येच अडकते. अण्णांना सांगितलंय, खिडकी अर्धीच उघडा.